आवाज फुटलाय म्हणून मागं राहू नको

बाळा,

परवा तुझा मेसेज आला, "सर, आवाज फुटलाय, समूहगानात नाव देऊ का नको", एवढाच. मी तेव्हा खानापूरच्या बसमध्ये होतो, तिथंच उत्तर टाईप करायला लागलो आणि मग म्हटलं राहू दे, हे दोन ओळीत सांगायचं काम नाही, घरी जाऊन निवांत लिहू. म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय, एका दमात नाही झालं तर दोनदा वाच.

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाव दे. सोमवारीच दे.

आता का ते सांगतो. तुझ्याच वयात, नववीत, माझा आवाज असाच फुटला. आठवीपर्यंत मी काळी पाचमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत, गायचो, वरचा सा सहज लागायचा, शाळेच्या गाण्यात सुरुवातीची ओळ माझी असायची. तालुक्याच्या स्पर्धेला आठ दिवस राहिले होते आणि प्रॅक्टिसमध्ये वरच्या सुराला आवाज चिरकला, सगळी पोरं हसली, आणि जे गाणं बसवत होते त्यांनी मला काढलं नाही पण बाजूला घेऊन सांगितलं की रांगेत उभा राहा, नुसते ओठ हलव. मी हलवले. अख्खं गाणं होईपर्यंत स्टेजवर उभा राहून ओठ हलवले आणि घरी येऊन कुणाशी बोललो नाही. ते रागानं बोलले नव्हते, त्यांच्या डोक्यात स्पर्धा होती, पण चौदा वर्षांच्या पोराला तसलं एक वाक्य किती दिवस पुरतंय ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढं दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही, सकाळच्या प्रार्थनेलासुद्धा. तुझा मेसेज वाचून पहिल्यांदा तेच आठवलं, म्हणून एवढ्या घाईनं लिहायलोय.

मला परत गायला लावलं ते गावच्या भजनानं. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात वडलांनी टाळ हातात देऊन बसवलं. बुवांनी ओळ सांगायची आणि मागच्यांनी ती उचलून धरायची, एवढंच. मी सवयीनं वर जायला बघत होतो, आवाज परत अडकला, तर शेजारी बसलेले आजोबा मान न वळवता बोलले, "वर कशाला जातोस, आमच्यासंगं खाली चल की." मी खाली गेलो. तिथं आवाज होता. जाडाभरडा, अनोळखी, पण माझा, आणि वीस-पंचवीस जणांच्या आवाजात तो कुठंच टोचत नव्हता. त्या रात्री दीड वाजेपर्यंत गात होतो.

आवाज फुटतोय म्हणजे काय होतंय हे तुला कुणी नीट सांगितलंय का? या वयात गळ्यातली स्वरपेटी वाढते, आतल्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते, आणि जाड तार जशी खाली वाजते तसा आवाज खाली येतो, पोरांचा तर जवळजवळ एक सप्तक. मेंदूला अजून जुन्या मापाची सवय असते, तो जुन्या अंदाजानं ताण देतो, म्हणून मधेच चिरकतंय. बिघडलेलं काही नाही. काही महिने, कुणाला वर्षभर, ताबा कमी राहतो आणि मग बसतंय सगळं. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, पण त्यांचा एवढा खाली येत नाही म्हणून लक्षात येत नाही. या दिवसांत एकट्यानं स्टेजवर वरच्या पट्टीत गाऊ नको, गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं बोंबलू नको, क्रिकेटला ओरडणं कमी कर, पाणी पीत जा. आणि जेवढे पाच-सहा सूर आरामात लागतात तेवढ्यातच रोज थोडं गा. पाच-सहा सुरांचा माणूस एकटा गायला बसला तर अडचण होईल, समूहात मात्र त्याला काम आहे. खालचा सा धरून ठेवायला मला पोरं मिळत नाहीत, सगळ्यांना वरची चाल पाहिजे असते. नाताळाला कधी कॅम्पातल्या चर्चमध्ये गेलास तर ऐक, तिथं एकाच गाण्यात चार थर असतात, सगळ्यात वर सोप्रानो, मग आल्टो, टेनर आणि सगळ्यात खाली बेस, आणि तो खालचा बेस काढून घेतला तर वरचं सगळं उघडं पडतंय.

आता समूहगानात काय मिळतं ते. लोक म्हणतात स्टेजची भीती जाते, मैत्री होते, शिस्त लागते. जाते, होते, लागते, खरंच आहे. पण माझ्या मते मोठं काम कानाचं होतं. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा असतोय तुला माहीत आहे. आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीवर पत्रा आहे, पावसाची सर आली की पेटीसुद्धा ऐकू येत नाही. गेल्या साली असंच झालं, पोरं थांबायला लागली, मी म्हटलं थांबू नका, गोल करा, खांद्याला खांदा लावा आणि शेजारच्याचा आवाज कानाला लागेल एवढंच गा, त्यापेक्षा मोठं नको. पत्रा वाजत होता आणि बत्तीस पोरं एकमेकांकडं कान लावून हळू गात होती, आणि पाऊस अचानक थांबला तर सूर काडीचाही हललेला नव्हता. काही पोरांच्या डोळ्यात पाणी आलं. मला आलंच.

उद्या प्रार्थनेच्या वेळी एक बघ. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला साधारण ५२ सेकंद लागायला पाहिजेत. ग्राउंडवर मागच्या रांगा नेहमी किंचित मागं पडतात आणि सगळे त्यांना आळशी म्हणतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागं उभ्या असलेल्या पोराला पुढचा सूर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं उशिरा पोचतो, तो जे ऐकतो त्याच्याबरोबर गातो आणि त्याचा आवाज पुढं परत यायला तेवढाच वेळ जातो. म्हणून मोठ्या समूहात कानाबरोबर हाताकडंही बघायचं असतंय, जो ताल देतोय त्याच्या हाताकडं.

श्वासाचंही तसंच. लांब सूर धरायचा असला की एकाच्या दमात तो मावत नाही, मग आम्ही ठरवून घेतो, तू इथं घे, मी तिथं घेतो, शब्दाच्या मधेच चोरून घ्यायचा आणि परत हळूच सुरात शिरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं कुणी श्वासच घेतला नाही. बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले गायक कुमार गंधर्व, क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि ते परत उभे राहिले ते छोट्या छोट्या श्वासात गायची स्वतःची रीत बसवून. त्यांना ते एकट्यानं करायला लागलं. तुझा दम संपला तर तुझ्या बाजूला एकतीस जण आहेत. २०१३ साली स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी १८ वर्षांच्या पंधरा पोरापोरींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर गाण्याच्या श्वासाबरोबर सगळ्यांचे ठोके एकदम कमीजास्त व्हायला लागले. मला ते वाचून नवल वाटलं नाही, देवळात मी ते बसल्या जागी अनुभवलं होतं.

आणि कन्नडचं सांगायचंच राहिलं. तू मराठी मीडियमचा, कन्नडचा पेपर म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतोय, मला माहीत आहे. आपल्या कार्यक्रमात एक अभंग असतो आणि एक वचन, म्हणजे कन्नड संतांची रचना. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे, आपल्या कानाला ते कळतच नाही. बेळे म्हणजे पीक आणि बेळे म्हणजे डाळ, देवनागरीत लिहिलं तर दोन्ही सारखंच, पण पिकातला पहिला ए ऱ्हस्व आणि डाळीतला लांब. वर्गात हे दहा वेळा सांगून डोक्यात जात नाही. गाताना मात्र एका मात्रेचा ए आणि दोन मात्रांचा ए चुकवलास तर तालच चुकतो, मग चौथ्या दिवशी जीभ आपोआप वळते. तिकडं कन्नड घरातली पोरं अभंगातला "च" आणि "च" वेगळा करायला शिकतात, चांदण्यातला आणि चंद्रातला. एकमेकांना शिकवताना ती भांडत नाहीत रे, हसतात. मी कितीतरी वर्षं बघतोय.

मम्मीला एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या बोर्डाची, काळजी आहे हे मला कळतंय, मार्कांचा प्रश्न आहे, तिचं चुकत नाही. गाण्यानं मार्क वाढतात असं मी तिला सांगणार नाही, तसं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नको. आठवड्याला दोन तास जातात, शनिवारी शाळा सुटल्यावर. प्रतिभा कारंजीच्या, म्हणजे शाळांच्या कला-स्पर्धेच्या, आधी पंधरा दिवस जरा जास्त. दहावीच्या पोरांना डिसेंबरनंतर मी स्वतः सोडतो. हे तिला जसंच्या तसं वाचून दाखव, आणि तरी शंका राहिली तर फोन करायला सांग, मी बोलतो.

कुणी हसलं तर? पहिल्या आठवड्यात हसतील एक-दोघं. त्यातल्या एकाचा आवाज पुढच्या महिन्यात फुटणार आहे, मला आत्ताच त्याच्या बोलण्यात ऐकू येतंय.

शनिवारी सव्वाबाराला ये. डबा खाऊन ये पण पोट भरून नको, गाताना दम लागतोय. शंभर पानी वही आण, छत्री आण. खालच्या सुरातली पोरं खिडकीकडं उभी राहतात, सध्या तिघंच आहेत, चौथी जागा मी मोकळी ठेवलीय.

तुझा,
सर