तालमीतला मुद्गल

चिमणे,

काल फोनवर विचारलंस, "बाबा, आजोबांच्या तालमीतला लाकडी मुद्गल आमच्या जिम्नॅस्टिक्समध्ये फिरवायच्या क्लबसारखाच कसा? त्यांचा आपण ढापला, की आपला त्यांनी?" तेवढ्यात आत्याने फोन ओढून घेतला, म्हणून हे पत्र.

ढापाढापी झाली असेल तर ती इकडे विलायतेत. आपले पैलवान मुद्गल फिरवताना गोऱ्या साहेबांनी पाहिले आणि तो व्यायाम घरी नेला. डोनाल्ड वॉकरच्या १८३४ च्या इंग्रजी व्यायामपुस्तकात तो आहे. नाव पडलं 'इंडियन क्लब'. पुढे अमेरिकेतही खूळ पसरलं. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवायची स्पर्धाच होती. या प्रवासात मुद्गल पार वाळला. तुझा क्लब जेमतेम १५० ग्रॅमचा. आजोबांचा नुसता उभा करून बघ! म्हणजे, त्यांना विचारूनच. मी नववीत न विचारता उचलला होता. डोक्यामागून घेताना मनगट वळलं आणि तो धपकन माझ्याच पाठीत. वस्ताद हसून म्हणाले, "मागं सोडायचा असतो रे, टाकायचा नसतो."

आपल्याकडे आली ती मॅट, म्हणजे कुस्तीची गादी, आणि तिने आपल्याला बरंच दमवलं. साताऱ्या-कोल्हापूरकडून माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत आली, ती तालमीची सवय घेऊनच. कुस्तीच्या हौदातली लाल माती, त्यात तेल, ताक, हळद. अनवाणी पाय त्यात रुततो. मॅटवर बूट, आणि सगळा वेग. मातीत कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची, मॅटवर गुण मोजतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतलेच. १९४८ ला लंडनला सहावे आले. नेटाने मॅटचा सराव केला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक! स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तरी टीव्हीवर मॅटची कुस्ती लागली की आजोबा पुटपुटणारच, "गुण कसले मोजता, पाठ लावा की!"

एक मात्र सांग. माझ्या वेळी मुलींना हौदाच्या आसपास फिरकू देत नसत. तुला आत कोणी नेलं? आजोबांनी स्वतः? काल तू सहज बोलून गेलीस, पण मला ते विचारायचं राहूनच गेलं.

तुझा,
बाबा