मेंदूचा प्रश्न मेंदूपाशी ठेव

प्रिय डॉक्टर,

(हे संबोधन तुला अजून जड वाटतं, माहीत आहे. वाटू दे.)

हृदय बंद पडलेला माणूस तू छाती दाबून परत आणलास आणि शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "कशाला आणलंत? किती छान होतं तिथे." तेव्हापासून तू त्या ‘तिथे’च्या मागे लागली आहेस. ते खरं असेल तर आपण माणसांना ओढून आणतो यात कसला पराक्रम, असं लिहितेस. आणि खोटं असेल तर सगळा रसायनांचा खेळ, मग जगायचं कशासाठी?

धीर देत बसत नाही. तू काम सोडणार नाहीस, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. पण तू दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले आहेस. मरताना मेंदूत काय होतं, हा एक. जगायचं कशासाठी, हा दुसरा. पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटेल, असं तू धरून चालली आहेस. नाही सुटणार. मेंदूचा प्रश्न मेंदूपाशी ठेव.

एकाच आठवड्यात तू मला दोन अभ्यास पाठवलेस. मेंदूवर संशोधन करणाऱ्या जिमो बोर्जिगिन यांच्या गटाचा 2023 चा, ‘सगळं मेंदूच घडवतो’ असं म्हणत. व्हेंटिलेटर काढलेल्या 4 रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत गॅमा लहरी (जाणिवेशी संबंध जोडला जातो त्या जलद विद्युत लहरी) उसळल्या, हे खरं. पण अगं, ते चौघेही गेले. त्या लहरींबरोबर त्यांना काही जाणवलं का, हे सांगायला कोण उरलं? दुसरा डॉ. सॅम पार्निया यांचा 2014 चा, ‘जाणीव शरीराबाहेर जाते’ असं म्हणत. 2060 वेळा हृदय बंद पडल्याची नोंद, आणि मुलाखत देण्याइतके सावरलेले 140 जण. छताजवळच्या फळ्यांवर चित्रं ठेवली होती, फक्त वरून बघणाऱ्याला दिसतील अशी. एका रुग्णाने भोवती काय चाललं होतं ते नेमकं सांगितलं, पण तो होता तिथे फळीच नव्हती! दोन विरुद्ध टोकं, आणि दोन्हींपुढे तू तितक्याच घाईने मान डोलावलीस. तुला पुरावा नकोय, निकाल हवाय. कुणाचाही चालेल.

हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांचा नेदरलँड्समधला 2001 चा अभ्यासही तू वाचला आहेस. 10 रुग्णालयं, हृदय बंद पडून वाचलेले 344 जण, त्यातल्या 62 जणांनी असा काही अनुभव सांगितला. तू तो 62 चा आकडा अधोरेखित केलास. मी तुला पुढचा भाग वाचायला सांगते. 2 आणि 8 वर्षांनी संशोधक त्या 344 पैकी काहींना पुन्हा भेटले, तेव्हा अनुभव आलेल्यांची मरणाची भीती कमी झालेली दिसली, आणि माणसांविषयीची ओढ वाढलेली. पण ज्यांना काहीच दिसलं नव्हतं, तेही बदलले होते! थोडे कमी, पण बऱ्याच बाबतींत त्याच दिशेने. प्रकाश नाही, बोगदा नाही, कुणी भेटलं नाही, तरी जगणं वेगळं झालं. कसं झालं, यावर वाटल्यास रात्री जाग.

समज, उद्या सिद्ध झालं की जाणीव उरते. परवाच्या ड्यूटीत तू काय वेगळं करशील? समज, सिद्ध झालं की अर्ध्या मिनिटात सगळं विझतं. मग धाप लागलेल्या माणसाची उशी उंच करायची नाही का? मेंदूचा प्रश्न मेंदूपाशी ठेव.

मला हे सोपं गेलं असं समजू नकोस. नातेवाईक विचारायचे, "शेवटी त्यांना काही दिसलं असेल ना?" मी म्हणायचे, "मला माहीत नाही," आणि तिथेच बसून राहायचे. माझे सहकारी सरळ "हो, नक्की" म्हणायचे. लोक हात जोडून जायचे त्यांच्याकडे, आणि मी कोरडी ठरले. ठरले तर ठरले. ज्या गोष्टीची मला खबर नाही ती मी शोकातल्या माणसाच्या हातात का द्यावी? आजही हेच करीन. खंत आहे ती दुसरीच. आमच्या काळी परत आलेला माणूस काही सांगू लागला की केसपेपरवर ‘गोंधळलेला’ असं लिहून पान उलटलं जायचं. काय काय वाहून गेलं असेल त्यात! अजूनही चिडचिड होते.

अर्थाचा प्रश्न कुठे न्यायचा, हे विचारशीलच. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी मरणाच्या जवळ आलेल्यांना साधे प्रश्न विचारले. तुमच्याबद्दल घरच्यांना काय माहीत असावं, तुम्हाला कधी सर्वांत जास्त जिवंत वाटलं, कुणाला काही सांगायचं राहिलंय का. उत्तरं लिहून काढायची आणि घरच्यांसाठी मागे ठेवायची. 2005 मध्ये 100 रुग्णांवरचा पहिला अहवाल आला, त्यात 67 टक्क्यांनी यामुळे जगण्यात अर्थ जास्त वाटू लागल्याचं सांगितलं. पुढच्या मोठ्या चाचणीत मनाचा त्रास मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत ठळक फरक दिसला नाही, तेही वाच. तरी ते प्रश्न मला आवडतात. त्यात ‘तिथे’ कुठेच येत नाही.

आता मला खरं खटकलेलं. इतकं लांब पत्र, आणि त्या माणसाला तू पुढे काय विचारलंस हे त्यात कुठेच नाही. "छान होतं" म्हणाला, म्हणजे इथलं काय छान नव्हतं? घरी कोण आहे त्याच्या? तू लॅपटॉपकडे धावलीस, तो खाटेवरच राहिला. शिवाय "कशाला आणलंत" हे नैराश्यही असू शकतं. असे वाचलेले लोक खचतात, विसरू लागतात, आणि हृदय ठीक आहे म्हणून आपण त्यांना घरी पाठवतो. सोमवारी डिस्चार्ज म्हणतेस ना? त्याआधी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बस. झोप, भूक, आठवण, मनात मरणाचे विचार येतात का, सगळं स्पष्ट विचार आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांना बोलाव. मग त्याला ‘तिथलं’ सांगावंसं वाटलं तर त्याच्याच शब्दांत उतरवून घे, तुझं मत न घालता.

आणि व्हिडिओ पाठवू नकोस. मी बघत नाही.

तुझी,
मॅडम