तोडीचा गंधार आणि पंचविशीची मुदत

“विशारद झालं, स्पर्धांत बक्षिसं मिळाली, आता पुढे काय?” सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा हा ठरलेला प्रश्न. त्यातल्या एकीचं सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

वय २३. शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गुरूंकडे जायची. वडील चादरीच्या कारखान्यात हिशेब बघायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “मॅडम, बँकेच्या परीक्षा दे म्हणून सांगा की हिला.” ती मान खाली घालून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसलेली.

एकटी आली तेव्हा बोलली. “पंचविशीच्या आत नाव झालंच पाहिजे. नाहीतर संपलं.” झोप उडाली होती. रियाजाला बसलं की रडू यायचं.

मी विवेकनिष्ठ विचारांची. परिस्थितीपेक्षा ‘झालंच पाहिजे’मधला हा ‘च’ माणसाला जास्त छळतो, असं माझं ठाम मत आहे. पण उपदेश केला असता तर तिनं नुसती मान डोलावली असती. म्हणून गाण्याचं विचारलं.

“रियाजात सध्या काय?”

“तोडी राग. त्यातला गंधार, म्हणजे ‘ग’, जागेवर लागत नाही. नेहमीच्या कोमलपेक्षाही उतरलेला असतो तो. एक दिवस सापडतो, दुसऱ्या दिवशी हरवतो.”

“किती दिवस चाललंय?”

“दीड वर्ष.”

“मग सोडून दे तोडी.”

ती जवळजवळ रागावलीच. “असं कसं? वेळ लागतोच त्याला!”

मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, “गंधाराला दीड वर्ष दिलं मी. स्वतःला नाही दिलं.”

त्या क्षणी मलाही काही उमगलं. या मुलांना धीर शिकवावा लागत नाही. तानपुऱ्यापुढे तो रोज त्यांच्याजवळ असतो, फक्त पोटापाण्याचा विचार करताना तिथेच राहून जातो. धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर १९१० चे, त्यांना पद्मश्री मिळाली १९७० मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर. धारवाड आपल्याला काही लांब नाही.

पालकांना मी सांगते, नाव आणि मिळकत यांचे हिशेब वेगळे मांडा. नावाला मुदत घालू नका, मिळकतीला जरूर घाला. दोन वर्षांचा खर्च कागदावर लिहा. शिकवण्या सुरू करा, पण सकाळचा रियाज विकून नव्हे. आकाशवाणीची स्वरचाचणी द्या. संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. तिचा अर्ज वेळेत भरा. आणि अर्धवेळ नोकरी धरली म्हणजे गाणं सुटलं, असं मुलांना कधी ऐकवू नका.

तिच्याकडे आता अकरा मुलं शिकतात. त्यांच्या पालकांना तिचे वडीलच बजावतात, “सकाळी नऊच्या आत फोन नको. तोडी चालू असते.”