गाडीचं दुखणं : लिटरचा भाव सोडा, किलोमीटरचा बोला

(या पानावर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात सोलापूरच्या अशोक चौकातले गॅरेजवाले अण्णा.)

या वेळी पत्रांत गाडीचं दुखणं कमी आणि खिशाचंच जास्त आलंय. पेट्रोल चढलं की असंच होतं. एरवी क्लचप्लेट विचारणारी माणसं मला एकदम अर्थमंत्री समजून पत्रं लिहितात. असो. जमेल तेवढं सांगतो.

प्रश्न : अण्णा, माझी पेट्रोल रिक्षा आहे. राहायला शेळगीत, शाळेची पोरं जुळे सोलापूरकडची. दोन फेऱ्यांत मिळून दहा पोरं आहेत. मधल्या वेळेत सीट (सुटे प्रवासी) मारतो. महिन्याचे पैसे जूनमध्ये ठरतात ते वर्षभर तेवढेच, पेट्रोल कितीही वाढू दे. वाढवून मागितले की पालक म्हणतात, दुसरी रिक्षा बघतो. सीएनजी किट बसवून घेऊ का?
– रिक्षाचालक, शेळगी

अण्णा : किटचं नंतर बघू. आधी हिशेब करू, कारण "पेट्रोल वाढलंय ओ" हे वाक्य ऐकून पालकांचे कान किटलेत. त्यांच्याही स्कूटरला पेट्रोलच लागतं.

समजा रिक्षा दिवसाला साठ किलोमीटर पळते आणि लिटरला पंचवीस देते. म्हणजे रोजचं २.४ लिटर. भाव पाच रुपयांनी चढला तर दिवसाला बारा रुपये जास्त, पंचवीस दिवसांचे तीनशे. दहा पोरांत वाटले तर पोरामागे महिना तीस रुपये. तुम्ही एकदम शंभर-दीडशे मागता, म्हणून समोरचा चिडतो. तीस रुपये कागदावर मांडून मागा, शंभरातले नव्वद पालक देतील. येत्या जूनमध्ये दोन ओळी लिहूनच घ्या : पेट्रोल पाच रुपये चढलं तर पोरामागे तीस वाढ, उतरलं तर तीस कमी. उतरल्यावर कमी करायचं लिहिलं असलं की चढल्यावर कुणी भांडत नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी गळती वेगळीच आहे. घर शेळगीत, पोरं जुळे सोलापुरात. म्हणजे सकाळी अख्खं गाव ओलांडून रिकामी जाता आणि संध्याकाळी रिकामीच येता. ही रिकामी पळ दिवसाला वीस किलोमीटर जरी धरली तरी ०.८ लिटर झालं, म्हणजे ऐंशी रुपयांच्या वर. भाववाढीने तुमचे बारा रुपये नेले आणि रिकाम्या फेरीने ऐंशी, आणि शिव्या खातोय बिचारा पंपवाला! शेळगी-बाळे भागातली पोरं घ्या. तुमच्यासारखाच उलट्या दिशेने रिकामा पळणारा कुणीतरी स्टँडवर असतोच, त्याच्याशी पोरांची अदलाबदल करा. पालकांना सांगायला अवघड जाईल, पण एका महिन्यात जमेल. आणि तूट भरून काढायला रिक्षात पोरं कोंबू नका. पुढच्या सीटवर तुमच्या शेजारी बसलेलं पोरगं मला रोज सात रस्ता चौकात दिसतं, पोटात गोळा येतो.

आता किट. सीएनजी किलोवर मिळतो, पेट्रोल लिटरवर. पाटीवरचे दोन भाव शेजारी ठेवून काहीच कळत नाही. स्टँडवर तुमच्याच मॉडेलची सीएनजी रिक्षा शोधा, किलोला किती पळते विचारा, किलोचा भाव त्याने भागा. तुमच्या पेट्रोलचंही तसंच करा. दोन्हींतला फरक गुणिले रोजचे किलोमीटर, ही झाली रोजची बचत. किटच्या किमतीला तिने भागलं की किती दिवसांत पैसे फिटतात ते समजेल. गॅस भरायला रांगेत जातो तो वेळ विसरू नका, तोही धंद्याचाच वेळ आहे. रिक्षेचं वय झालं असेल तर किटचे पैसे फिटायच्या आत रिक्षाच मोडीत निघायची, तेव्हा तो नाद सोडा.

बसवलंच तर मान्यताप्राप्त किट बसवा. आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्या, विमा कंपनीला कळवा आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करा. "नोंदीचं नंतर बघू, आधी बसवून देतो" म्हणणारा भेटेल. स्वस्तातही देईल. मागे पोरं बसणार आहेत एवढं ध्यानात ठेवून त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. कुंभारीहून स्कूटरवर जाऊन-येऊन करते. पूर्वी लिटरला ४५ पडायची, आता ३६ वर आली. सगळे म्हणतात पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात म्हणून. एक तर पेट्रोल महाग, त्यात हे. खरंय का?
– कामगार महिला, कुंभारी

अण्णा : ताई, खरंय, पण अर्धवट. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते. ते वीस टक्के मिसळलं की गाडी थोडी कमी पळणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की मुळात अशा मिश्रणासाठी न बनलेल्या दुचाकीचं मायलेज तीन-चार टक्के घटेल. आपल्या जिल्ह्यातल्या उसापासूनही इथेनॉल होतं, शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाही. पण ताकद कमी आणि पाटीवरचा भाव मात्र तोच, हे मला पटत नाही. ते असू दे.

४५ चे चार टक्के म्हणजे दोन किलोमीटरसुद्धा नाहीत. इथेनॉलने तुमची गाडी फार तर ४३ वर आली असती. ४३ वरून ३६ वर कशाने आली, ते स्कूटरमध्ये शोधायचं.

तुम्ही टॉवेल लिहिलंत तिथेच मला उत्तर मिळालं. गाडी शेडच्या भिंतीला, टॉवेलचं तूस (बारीक धागे) बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी लावता ना? आमच्या भागातल्या लूमवर (यंत्रमागावर) जाणाऱ्यांच्या गाड्या मी उघडतो तेव्हा एअर फिल्टरवर तुसाचा थर असतो, गोधडीतल्या कापसासारखा. ज्या रंगाचे टॉवेल त्या रंगाचा! गुलाबी फिल्टरसुद्धा बघितलाय. इंजिनला हवा पुरत नाही, ते पेट्रोल जास्त पितं आणि धूर सोडतं. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचे जे किलोमीटर दिलेत ते साध्या रस्त्यासाठी आहेत. तुम्ही त्याच्या निम्म्यावरच उघडून बघायला लावा. कागदी फिल्टर असेल तर फुंकर मारून परत बसवू देऊ नका, नवीन घाला. गाडीची जागाही बदला.

दुसरं तुम्ही स्वतः बघा. स्कूटर मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद, कुणाला तरी मागून दाबायला लावून पुढचं चाक उचला आणि हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर ठीक. "खर्र खर्र" करून अर्ध्या फेरीत थांबलं तर ब्रेक घासतोय, म्हणजे दिवसभर ब्रेक दाबूनच गाडी चालवताय. मागचं चाक आतल्या गिअरमुळे थोडं जड लागतं, तरी घासण्याचा आवाज ओळखू येतो. केबल सैल करायला दोन मिनिटं लागतात. हवेचं तर सांगायलाच नको : टायर चपटा दिसायला लागल्यावर हवा भरणारी माणसं मी जन्मभर बघतोय.

आणि मायलेज काट्यावरून धरू नका. पंपावर टाकी फुल करा, नळी आपोआप बंद झाली की थांबा, किलोमीटर लिहा. आठवड्याने त्याच पंपावर तशीच फुल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा घातलेले लिटर. हा आकडा खरा, बाकी सगळ्या गप्पा.

प्रश्न : जगात कच्चं तेल स्वस्त झाल्याच्या बातम्या येतात, आपल्या पंपावर काही उतरत नाही. वाढताना मात्र लगेच वाढतं. २०१७ पासून भाव रोज बदलतात ना? मग हे कसं?
– निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

अण्णा : सर, तुम्ही प्रश्न विचारलाय की पेपर काढलाय! पेट्रोलचा भाव २०१० पासून आणि डिझेलचा २०१४ पासून सरकारने तेल कंपन्यांवर सोडला, आणि १६ जून २०१७ पासून तो रोज ठरायला लागला. कागदावर हे सगळं बरोबर आहे. पण पाटीवरच्या आकड्यात तेल किती आणि कर किती, हे बघा. केंद्राचा अबकारी कर लिटरमागे ठराविक रुपये असतो. त्यावर पंपवाल्याचं कमिशन. या सगळ्या बेरजेवर राज्याचा व्हॅट टक्क्यांत, पेट्रोलवर आपल्याकडे २५ टक्के, आणि वर लिटरमागे ठराविक अधिभार. म्हणजे करावरही कर.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेल मातीमोल झालं होतं, आठवतं? मे महिन्यात केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढवला. तेल उतरलं ते सरकारच्या टाकीत गेलं, तुमच्या नाही. पुढे तेल चढलं तेव्हा तो कर होताच. २०२१ मध्ये पेट्रोल शंभरीपार गेलं ते असं. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने, जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केला. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, दोन रुपये उतरले. रोज बदलणारा भाव महिनोन् महिने जागचा हलत नाही आणि निवडणूक दिसली की त्याला पाय फुटतात. बाकी तुम्ही नागरिकशास्त्र शिकवलंय, मी काय सांगू.

जीएसटीत आणा म्हणून ओरड होते. पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर आहे, आणि केंद्र व राज्यं दोघांनाही ते बाहेरच सोयीचं आहे. माझ्या हयातीत होईल असं मला वाटत नाही.

प्रश्न : मित्र म्हणतात विजापूर रोडने भीमेचा पूल ओलांडून कर्नाटकात टाकी फुल करायची. परवडतं का?
– कॉलेजचा विद्यार्थी, आसरा चौक

अण्णा : पुलापलीकडे जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. बाईक पन्नास देत असली तरी १.४ लिटर जळालं, म्हणजे दीडशेच्या आसपास. दहा लिटरच्या टाकीवर एवढे पैसे सुटायला लिटरमागे पंधरा रुपयांचा फरक हवा. तेवढा कधीच नव्हता. ट्रकवाले तिकडे डिझेल भरायचे ते जाता-जाता, मुद्दाम जाऊन नाही. आता तीही गंमत गेली. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्ही तीन-तीन रुपयांच्या आसपास महाग केलं, एप्रिल २०२५ मध्ये डिझेलचा कर पुन्हा वाढवला. मित्रांना फिरायला जायचंय, पेट्रोल तुमच्या पैशाने. ओळखा की.

प्रश्न : शंभरऐवजी एकशे दहाचं घालावं म्हणजे माप मारत नाहीत, आणि पहाटे भरावं म्हणजे थंड पेट्रोल जास्त येतं, असं ऐकलंय.
– वाचक, नवी पेठ

अण्णा : मशीनला शंभर काय नि एकशे दहा काय, सारखंच. पहाटेचं म्हणाल तर पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं. सोलापुरात वर बेचाळीस डिग्री असली तरी खाली फारसा फरक पडत नाही. पाच डिग्रीचा फरक धरला तरी शंभर रुपयांमागे आठ आण्यांचं पेट्रोल. त्यासाठी झोपमोड कशाला?

शंका असेल तर शून्य बघून घ्या, बिल मागा. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. बिल, पंपाचा पत्ता आणि नोझलचा नंबर लिहून ठेवा. माप मागितल्यावर पोरगा मालकाला बोलवायला आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही, तर तेही तक्रारीत लिहा.