पाऊस, वारा आणि बिघडलेला रेडिओ : सिंथ घेण्याआधी त्यातला नॉइज कुठून येतो ते बघा

तुमचा प्रश्न वाचला. एकांकिकेसाठी पत्र्यावरचा पाऊस, माळावरचा वारा आणि स्टेशन न लागणाऱ्या रेडिओची खरखर हवी आहे, रेडिमेड साउंड इफेक्ट ऐकून ऐकून विटलात, बजेट आठ-दहा हजार, आणि जो तो वेगळाच सॉफ्टवेअर सिंथ (कॉम्प्युटरवर आवाज घडवणारा प्रोग्राम) सुचवतोय. मीही हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत करतो आणि याच गोंधळातून गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो. मी साउंड इंजिनिअर नाही, पोटापाण्याचं काम वेगळं आहे, तेव्हा जाणकारांनी चुकलं तिथे कान धरावा. ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग), फिल्टर (त्यातल्या नको त्या पट्ट्या कापणारा), एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

तुम्ही ऑसिलेटर किती, प्रीसेट (तयार आवाज) किती यांची तुलना केलीय. नॉइजच्या, म्हणजे सूर नसलेल्या खरखरीच्या कामात ती निरुपयोगी आहे. पाहायचं ते हे, की त्या सिंथमधला नॉइज जागच्या जागी तयार होतो की आधी रेकॉर्ड केलेला तुकडा गोल गोल फिरतो. सेरम आणि व्हायटल या दोन सिंथमधला नॉइजचा कप्पा म्हणजे मुळात सॅम्पल प्लेअर आहे. त्यात वाईट काहीच नाही, उलट स्वतःची रेकॉर्डिंग टाकता येते ही मोठी सोय. पण तुकडा छोटा असेल तर कान त्याला पकडतो. १९६३ मध्ये गटमन आणि युलेश या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं : निव्वळ यादृच्छिक नॉइजचा तुकडा सेकंदाला एक ते चारदा फिरला तर लाट आल्यासारखा 'हुश्श' ऐकू येतो, आणि त्याहून भरभर फिरला तर फटफटीसारखा फडफडतो. घरी हेडफोनवर दहा सेकंद ऐकताना हे जाणवत नाही. प्रवेश सात-आठ मिनिटांचा असतो आणि मागच्या रांगेतला परीक्षक तेवढ्या वेळात पावसाचा ताल धरतो.

दुसरी गोम व्हॉइसेसची, म्हणजे सिंथ एकाच वेळी वाजवतो त्या सुरांची. दोन सूर दाबले आणि दोघांनी तोच तुकडा त्याच जागेपासून वाजवला, तर तो एकच नॉइज दुप्पट होतो. दोन वेगवेगळे नॉइज मिसळले की पातळी ३ डेसिबलने वाढते, तोच नॉइज स्वतःत मिसळला की ६ ने. आणि दोन्हींत काही मिलिसेकंदांचा फरक पडला तर फ्लँजर इफेक्ट लावल्यासारखा पोकळ, नळीतून येणारा आवाज होतो. 'माझा वारा प्लास्टिकचा वाटतो' ही तुमची तक्रार बहुधा इथूनच आलीय. व्हायटलमध्ये सॅम्पलच्या कप्प्यात रँडम फेज (तुकडा दरवेळी वेगळ्या जागेपासून सुरू करणारं बटण) चालू करा, सेरममध्ये नॉइजचा रँड नॉब पूर्ण फिरवा. अर्धा प्लास्टिकपणा तिथेच जाईल.

तिसरं म्हणजे डावा-उजवा. दोन्हीकडे एकच नॉइज असेल तर तो डोक्याच्या मधोमध चिकटून बसतो. दोन्हीकडे स्वतंत्र असेल तर पसरतो. काही जण यावर तोडगा म्हणून स्टिरिओ वायडनर (आवाज रुंद भासवणारा इफेक्ट) लावतात. त्यातले काही एका बाजूचा फेज (लहरीची दिशा) उलटा करून रुंदी आणतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच नाट्यगृहांत शेवटी सगळं मोनो, म्हणजे डावा-उजवा एकत्र होऊन बाहेर पडतं. मोनोत ती रुंदी स्वतःलाच खाते आणि पाऊस गायब. डेमो चालवताना मोनोचं बटण दाबून ऐकल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

आता नावं. माझं मत पक्कं आहे : तुमच्या कामाला सर्ज एक्सटी पुरतो आणि तो फुकट आहे. मुळात तो विकत मिळायचा, २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने तो मुक्त केला, तेव्हापासून स्वयंसेवक तो वाढवताहेत. मिक्सरमध्ये वेगळा नॉइज आणि त्याचा रंग बदलायचा स्लायडर आहे. शिवाय सॅम्पल अँड होल्ड नॉइज नावाचा ऑसिलेटर आहे. त्याचं कोरिलेशन (पुढचा आकडा आधीच्याशी किती जुळतो ते) एका टोकाला नेलं की आवाज खालच्या पट्टीचा, मऊ होतो, दुसऱ्या टोकाला नेलं की खरखरीतून सूर डोकावू लागतो. एलएफओमध्येही (म्हणजे दुसरी नॉब हळूहळू फिरवत राहणाऱ्या संथ ऑसिलेटरमध्ये) नॉइजचा आकार मिळतो आणि फिल्टरमध्ये 'कोम्ब' (इंग्रजी comb, नॉइजला सुराची छटा देणारा) आहे. रूप जुनाट वाटेल, प्रीसेट चाळताना जीव जाईल, तिकडे लक्ष देऊ नका. ८ जीबीच्या लॅपटॉपवर नीट चालतो. नॉइजला बहुतेक वेळा एकच व्हॉइस लागतो, त्यामुळे 'प्रोसेसर झेपेल का' ही भीती सोडा.

दुसरं नाव कोणी सुचवत नाही म्हणून मुद्दाम घेतो : झिनॲडसबएफएक्स. एलएमएमएस हे फुकटचं संगीत बनवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं की त्यात तो आपसूक येतो. त्यातला सबसिंथ हा भाग पांढऱ्या नॉइजपासून (सगळ्या वारंवारता सारख्या असलेल्या खरखरीपासून) सुरुवात करतो आणि प्रत्येक हार्मोनिकसाठी (मूळ सुराच्या पटीतल्या सुरासाठी) एक अरुंद बँडपास (ठरावीक पट्टीच जाऊ देणारा फिल्टर) लावतो. बँडविड्थ (त्या पट्टीची रुंदी) कमी ठेवली तर बासरीसारखा सूर, वाढवली की श्वास, आणखी वाढवली की वारा. सुरातून वाऱ्यात आणि वाऱ्यातून पुन्हा सुरात जायचं असेल तर इतका सरळ रस्ता मला दुसरीकडे दिसला नाही.

विकतच घ्यायचं असेल तर नॉइजसाठी घेऊ नका, फिल्टर आणि मॉड्युलेशनसाठी (सेटिंग आपोआप बदलत ठेवण्यासाठी) घ्या. झेब्रा २ चे कोम्ब मॉड्यूल नॉइज आत सोडल्यावर जे करतात ते ऐकण्यासारखं आहे. फेज प्लांट या सिंथमध्ये नॉइजचा स्वतंत्र जनरेटर आहे आणि मॉड्युलेटर भरपूर लावता येतात. दोन्ही चांगले आहेत आणि दोन्ही आत्ता तुम्हाला नकोत.

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सिंथपेक्षा समज जास्त लागते. मोकळा वारा स्वतः फारसा वाजत नाही, तो कशाला तरी अडतो तेव्हा वाजतो. तारेवरून वारा गेला की शिट्टीची वारंवारता साधारण ०.२ गुणिले वाऱ्याचा वेग भागिले तारेची जाडी. सेकंदाला १० मीटरचा वारा आणि ५ मिलिमीटरची तार घेतली तर ४०० हर्ट्झ. म्हणजे झोत वाढला की सूर चढतो, आणि आवाजाची पातळी त्याहून कितीतरी झपाट्याने चढते. म्हणून फिल्टरचा कटऑफ (जिथून तो आवाज कापतो ती वारंवारता) आणि व्हॉल्यूम हे दोन्ही एकाच संथ, गुळगुळीत यादृच्छिक एलएफओला बांधा. वेगवेगळ्या एलएफओंना बांधलंत तर आवाज मोठा होतोय पण सूर उतरतोय असले प्रकार होतात आणि प्रेक्षकाला कारण न कळता खोटं वाटतं. साइन (एकाच लयीत वर-खाली होणारा) एलएफओ तर मुळीच नको, वारा झोपाळ्यावर बसत नाही. पिंक नॉइज (खालच्या पट्टीवर जोर असलेला), त्यावर मध्यम रेझोनन्सचे (आपल्या वारंवारतेवर घुमणारे) दोन-तीन बँडपास, एकमेकांपासून थोडे दूर, सगळ्यांना हलवणारा एकच एलएफओ. झालं.

पाऊस मात्र एका नॉइजमधून निघत नाही. पिंक नॉइज वरून कापला की दूरचा पाऊस मिळतो, पण जवळचा पाऊस थेंबांचा असतो. त्यासाठी विखुरलेले क्लिक लागतात. सुपरकोलायडर या कोड लिहून आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डस्ट नावाचं युनिट नेमकं हेच करतं : सेकंदाला सरासरी किती ते सांगा, ते वेडेवाकडे टपटपतं. कोड लिहायचा नसेल तर व्हीसीव्ही रॅक या पडद्यावर तारा जोडायच्या सिंथमध्ये यादृच्छिक ट्रिगर जोडून तेच जमतं (फुकट आवृत्ती प्लगइन म्हणून, म्हणजे दुसऱ्या संगीत सॉफ्टवेअरच्या आत, उघडत नाही, त्यासाठी त्याचाच मुक्त भाऊ कार्डिनल वापरा). ते क्लिक ठाम रेझोनन्सच्या चार-सहा बँडपासमधून काढा, त्यांच्या वारंवारता एकमेकींच्या पूर्ण पटीत ठेवू नका, आणि पत्रा तयार. डबक्यात पडणारा थेंब हवा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आवाज पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. मिनार्ट यांच्या १९३३ च्या सूत्राने १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३.३ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतो. तेव्हा त्याला नॉइज नको, झटकन विरणारा छोटा साइन द्या.

रेडिओ सगळ्यात सोपा. मीडियम वेव्हवर आपल्याकडे स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे वरची पट्टी सेटमधून येतच नाही. नॉइज ४ किलोहर्ट्झच्या वर कापा, खालून ३०० च्या आसपास कापा, मागे घसरत जाणारी एक बारीक शिट्टी ठेवा, आणि मधूनच विजेचा कडकड म्हणून विरळ क्लिक.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही म्हणून जास्तच सांगावंसं वाटतं. लायसन्स. एका नाटकाचा जवळजवळ सगळा ध्वनी मी एका विकतच्या सिंथवर उभा केला होता. कंपनीचं नाव घेत नाही, इथे नाव घेतलं की चर्चा भलतीकडे जाते. स्पर्धेच्या तोंडावर लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुसऱ्या मशीनवर सिंथ टाकला तर म्हणे ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली, आधी जुन्या कॉम्प्युटरवरून डीॲक्टिव्हेट करा. जुना कॉम्प्युटर रिपेअरवाल्याच्या टेबलावर उघडा पडलेला. सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं : कृपया जुन्या कॉम्प्युटरवरून डीॲक्टिव्हेट करा. पुन्हा लिहिलं की तो सुरूच होत नाही. उत्तर आलं की खरेदीची पावती पाठवा. पाठवली. मग कळलं की खरेदी डीलरमार्फत असल्याने डीलरशी बोला. डीलरच्या ऑफिसात फोन केला तर तिथले गृहस्थ म्हणाले, आम्ही फक्त कोड विकतो, पुढचं कंपनी बघते, ऑनलाइन तिकीट टाका. तिकीट तर टाकलेलंच होतं. दोघांच्याही बोलण्यात 'साहेब' आणि 'वुई व्हॅल्यू युवर पेशन्स' भरपूर, काम शून्य. ॲक्टिव्हेशन मोकळं झालं ते प्रयोग होऊन गेल्यावर, आणि सोबत समाधानाची पाहणी भरायची लिंक.

पण खरा फटका पैशाचा नव्हता. तालमीत एका नटाने दार आपटण्याआधीच्या एका विशिष्ट झोतावर आपली हालचाल बसवली होती. तो झोत रँडम एलएफओने दिलेला होता. पॅच (सिंथची जुळवलेली सेटिंग) जसाच्या तसा परत मिळाला असता तरी तो झोत त्या जागी आला नसता, कारण नॉइज प्रत्येक वेळी नवा असतो. काही सिंथमध्ये सीड (यादृच्छिकतेची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवता येतो, बहुतेकांत नाही. त्यामुळे सिंथ कुठलाही घ्या, आवडलेला आवाज त्याच दिवशी २४ बिट वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढा. दोन-तीन मिनिटांचे लांब टेक, थर वेगवेगळे, एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक दिग्दर्शकाकडे. प्रयोगाला सिंथ लाइव्ह उघडायचाच नाही. काही मंडळी लाइव्ह करतात आणि उत्तम करतात, माझं काळीज तेवढं मोठं नाही.

म्हणूनच मी फुकटच्या, मुक्त सॉफ्टवेअरकडे झुकतो, त्यात आदर्शवाद वगैरे फार नाही. सर्ज एक्सटीला ॲक्टिव्हेशनच नाही, मग कोणाचे पाय धरायचा प्रश्न येत नाही. विकतचं घेणारच असाल तर पैसे देण्याआधी सपोर्टला एकच मेल टाका : मशीन मेलं तर लायसन्स माझ्या खात्यातून मला स्वतः सोडवता येईल का? उत्तर किती दिवसांनी आणि किती सरळ येतं, त्यावरून ठरवा. क्रॅक केलेल्या प्रतींबद्दल इथे कोणी सुचवेलच. त्यातून व्हायरस येतो तो येतोच, वर प्रयोगाच्या दिवशी प्लगइन का उघडत नाही हे विचारायला कोणी नसतं.

आणखी दोन-तीन सुट्या गोष्टी. नटाचे स, श, ष हेही नॉइजच आहेत, साधारण २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. पाऊस तिथे भरगच्च ठेवलात तर संवाद बुडतात आणि खापर नटावर फुटतं. त्या पट्टीत पाऊस चार-पाच डेसिबल खाली घ्या, पाऊस कमी झाल्याचं कोणाला कळत नाही. दिग्दर्शकाला नमुना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये नॉइज सगळ्यात आधी मरतो, पाण्याखालून आल्यासारखा भिरभिरतो, आणि मग 'पाऊस जमला नाही हो' असा निरोप येतो. हॉलमध्ये चाचणी घेताना पांढरा नॉइज मोठ्याने बराच वेळ चालू ठेवू नका, ट्वीटर तापून जातो. भाड्याच्या स्पीकरचा ट्वीटर गेला तर आठ-दहा हजारांचं बजेट तिथेच संपेल.

तुमचा सध्याचा वाऱ्याचा पॅच कशात केलाय ते लिहा, आणि शक्य असेल तर तीसेक सेकंदांची वेव्ह कुठेतरी चढवून लिंक द्या. एमपी३ नको. हॉल कुठला आहे आणि तिथले स्पीकर मोनो आहेत की स्टिरिओ हेही तिथल्या ऑपरेटरला विचारून ठेवा. तेवढं कळलं की फिल्टरचे आकडे नेमके सांगता येतील.