वास चांगला आहे म्हणून माल सोडू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

मांसप्रक्रियेच्या कारखान्यात, तेही गुणवत्ता विभागात तुला काम मिळालं हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला काय शिकावं, असं तू विचारलं आहेस. ते पुढे सांगतोच. त्याआधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसव, कारण अभ्यासक्रमात ती दोन वेगवेगळ्या विषयांत वाटली जाते आणि एकत्र फारसं कुणी शिकवत नाही. मांस चांगलं आहे का, हा एक प्रश्न. मांस सुरक्षित आहे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं कधी जुळतात, कधी एकमेकांच्या उलट जातात. म्हणून एकात सुधारणा करशील तेव्हा दुसऱ्याचं काय झालं, हे दर वेळी विचार.

मांस खराब करणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू बहुतेक वेळा निराळे असतात. थंडाव्यात पण उघड्या हवेत ठेवलेल्या ताज्या मांसावर स्यूडोमोनास नावाचे, मांस नासवणारे जिवाणू वाढतात. दर चौरस सेंटिमीटरला त्यांची संख्या १ कोटीच्या घरात गेली की वास येऊ लागतो, १० कोटींच्या आसपास बुळबुळीत थर हाताला लागतो. नाकाला आणि बोटांना कळतं ते एवढंच. ई. कोलाय ओ१५७:एच७ या प्रकाराच्या मात्र शंभराहून कमी पेशी पोटात गेल्या तरी माणूस आजारी पडू शकतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. इतक्या थोड्या पेशींना ना वास असतो, ना रंग. ‘वास घेऊन बघितला, माल ठीक आहे’ हे वाक्य तुझ्या कानावर रोज पडेल. ते बोलणारी माणसं अनुभवी असतील आणि मालाच्या ताजेपणाबद्दल त्यांचं म्हणणं बहुधा बरोबरही असेल. पण सुरक्षिततेबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

आता याच्या पुढची पायरी बघ, कारण तुझं बरंचसं काम तिथेच असणार आहे. माल जास्त दिवस टिकवायचा म्हणून आपण व्हॅक्यूम पॅकिंग करतो. स्यूडोमोनासला ऑक्सिजन लागतो, तो मिळाला नाही की त्यांची वाढ मंदावते. त्यांच्या जागी सावकाश वाढणारे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू येतात, आणि काही दिवस टिकणारा माल काही आठवडे टिकतो. गुणवत्तेच्या बाजूने हा निखळ फायदा आहे. पण लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस या आजारी पाडणाऱ्या जिवाणूला ऑक्सिजन नसला तरी चालतं, शीतगृहातल्या ४ अंश सेल्सियसलाही तो वाढतो, शून्याच्या जवळपासही पूर्ण थांबत नाही. शिजवलेल्या मांसाचे काप करताना, पॅक करताना त्याचा शिरकाव झाला, तर आपण त्याला आठवडेच्या आठवडे मोकळे करून दिले. शिवाय पूर्वी माल लवकर नासायचा आणि लोक तो फेकून द्यायचे. आता तो शेवटच्या दिवसापर्यंत ताजा दिसतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसपदार्थांतून लिस्टेरियाची साथ पसरली. हजाराहून जास्त लोकांना लागण झाली, दोनशेहून जास्त दगावले आणि रुग्णांत नवजात बाळांचं प्रमाण फार मोठं होतं. पाकिटावरची तारीख पुढे ढकलण्याचा प्रस्ताव समोर आला की मला ती बाळं आठवतात. तुलाही आठवावीत असं वाटतं.

सुरुवात मात्र कारखान्याच्या दारात होत नाही, जनावरापासून होते. जिवंत स्नायूचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७ च्या आसपास असतो. कत्तलीनंतर स्नायूतल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं, लॅक्टिक आम्ल होतं आणि पीएच हळूहळू ५.५ च्या जवळ येतो. जनावराच्या जातीनुसार याला काही तास किंवा एखादा दिवस लागतो. ही घसरण किती झाली, किती वेगाने झाली आणि त्या वेळी मांस किती गरम होतं, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. कत्तलीच्या तोंडावर डुकराला घाबरवलं, पळवलं, तर शव अजून गरम असतानाच पीएच कोसळतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आल्याने प्रथिनांची घडी मोडते आणि मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सोडणारं होतं. उलट लांबच्या वाहतुकीने, उपासमारीने, आपसातल्या झुंजींनी जनावर आधीच थकलेलं असेल तर ग्लायकोजेन उरतच नाही. पीएच ६ च्या वर अडकतो आणि मांस गडद, घट्ट, कोरडं दिसतं. हे गडद मांस नासतंही लवकर. एक तर पीएच जास्त, त्यात जिवाणूंसाठी ग्लुकोज शिल्लक नाही. मग ते थेट अमिनो आम्लांकडे वळतात आणि दुर्गंधी लवकर सुटते. म्हणजे जनावराला शांतपणे उतरवून घेणं, पाणी देणं, विश्रांती देणं ही दयेची गोष्ट आहेच, शिवाय तुझ्या मालाच्या टिकाऊपणाची पहिली पायरीही तीच आहे. शक्य असेल तर माल उतरवण्याच्या जागी स्वतः जाऊन उभं राहा. प्रयोगशाळेत बसून पीएचचे आकडे कळतील, ते तसे का आले हे कळणार नाही.

इथे दोन्ही प्रश्न एका दिशेने जातात. थंड करण्याच्या टप्प्यावर मात्र ते भांडतात, आणि हा भाग मला फार आवडतो. सुरक्षितता सांगते, शव लवकरात लवकर थंड कर. पण पीएच ६ च्या खाली येण्याआधीच स्नायू १० अंशांच्या खाली गेला, तर थंडीमुळे पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं, ऊर्जा अजून शिल्लक असल्याने तंतू आखडतात आणि तसेच ताठरतात. मग ते मांस कितीही शिजवलं तरी चिवट लागतं. गोमांस आणि मेंढीच्या मांसात हे ठळकपणे दिसतं. न्यूझीलंडमधून निर्यात होणाऱ्या गोठवलेल्या कोकराच्या मांसाबद्दल चिवटपणाची तक्रार होती. त्यामागचं हे कारण तिथल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात उलगडलं. यातून निघालेली वाट बघण्यासारखी आहे. गार करणं लांबवण्याऐवजी शवाला विजेचे झटके देऊन स्नायूंना आकुंचन पावायला लावायचं, म्हणजे ग्लायकोजेन लवकर संपतं, पीएच आधीच उतरतो आणि मग बिनधास्त गार करता येतं. कुणाचीच बाजू न सोडता भांडण मिटलं. अन्नविज्ञान शिकल्याचा उपयोग कुठे, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात भलेभले फसतात. मांसाचा रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूतल्या लोहयुक्त प्रथिनाचा. हवा न लागलेलं मांस जांभळट असतं, ऑक्सिजन मिळाला की लालभडक होतं, आणि लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की तपकिरी. आता खिम्याच्या दोन चपट्या टिक्क्या घे. एकीचा खिमा ताजा दळलेला आणि हवाबंद ठेवलेला, दुसरीचा हवेत राहून आतून तपकिरी झालेला. दोन्ही तव्यावर ठेव आणि कडेने मध्यापर्यंत थर्मामीटरची सुई आडवी घाल. तपकिरी झालेल्या मायोग्लोबिनची घडी उष्णतेने लवकर मोडते. त्यामुळे दुसरी टिक्की ५५-६० अंशांनाच मोडून बघितली तर पूर्ण शिजल्यासारखी दिसू शकते. पहिली मात्र ७१ अंश ओलांडूनही मध्ये गुलाबी राहू शकते. डोळा पहिलीला कच्ची म्हणेल आणि दुसरी खाऊन टाकेल. अख्ख्या तुकड्यात जिवाणू बहुतांशी पृष्ठभागावर असतात, तिथे वरून नीट भाजणं बरंच काम करतं. खिम्यात तोच पृष्ठभाग दळला जाऊन मध्यापर्यंत पोहोचतो. अमेरिकेत १९९३ मध्ये अर्धवट शिजलेल्या बर्गरमुळे ७०० हून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने कच्च्या खिम्यातला ओ१५७:एच७ हा भेसळीसारखाच दोष ठरवला. खिमा ७१ अंश आणि कोंबडीचं मांस ७४ अंश, हे आकडे तिथे प्रत्येक स्वयंपाकघराला सांगितले जातात.

पण एकट्या तापमानाला अर्थ नसतो, त्याला वेळेची जोड लागते. लिस्टेरियाच्या दहा लाख पेशींतली एखादीच उरावी यासाठी मध्यभागी ७० अंश २ मिनिटं पुरतात. ६५ अंशांना १० मिनिटं लागतात आणि ६० अंशांना ४५. हे नातं समजलं की गुणवत्तेसाठी मोकळी जागा मिळते. तापमान कमी ठेवून वेळ वाढवला तर रस टिकतो, मांस मऊ राहतं आणि सुरक्षिततेत काही कमी होत नाही. अट एकच, मोजमाप खरं हवं. सर्वांत जाड तुकडा, त्याचा मध्य, आणि ओव्हनचा सर्वांत गार कोपरा. सुई हाडाला किंवा चरबीच्या थराला टेकली तर आकडा फसवा येतो. थर्मामीटर रोज बर्फाच्या काल्यात, म्हणजे कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात, बुडवून शून्य दाखवतो का ते बघ.

शिजवण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, गार करण्याकडे कमी. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या आजारी पाडणाऱ्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली झोपलेली रूपं, शिजवण्यातून जिवंत राहतात, उलट उष्णतेने जागे होतात, आणि तोवर त्यांचे स्पर्धक मेलेले असतात. ४३-४५ अंशांना त्यांची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून ५४ अंशांवरून २७ पर्यंत दीड तासात आणि तिथून ४ अंशांपर्यंत पुढच्या ५ तासांत उतरवण्याची प्रथा आहे. एक हिशेब लक्षात ठेव: हॅमची (डुकराच्या मांडीच्या खारवलेल्या मांसाची) जाडी दुप्पट केली तर मध्य गार व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. विक्री विभाग मोठा, देखणा हॅम मागेल. त्यांना नाही म्हणण्याआधी किंवा हो म्हणण्याआधी गार होण्याचा आलेख काढून दाखव.

‘रसायनविरहित’ उत्पादनं बनवायची इच्छा तू लिहिली आहेस. इच्छा चांगली आहे, पण वगळायचा प्रत्येक घटक किती कामं करतो ते आधी मोज. नायट्राइट (मांस टिकवायला घालतात ते लवण) मांसाला गुलाबी रंग देतं, चरबी खवट होऊ देत नाही आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला रोखतं. दुसऱ्या बाजूला त्यापासून नायट्रोसामाइन ही कर्करोगाशी जोडलेली संयुगं तयार होऊ शकतात, आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या मते मार्ग असा: लागेल तेवढंच नायट्राइट, सोबत ही संयुगं बनू न देणारं ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचं रूप), आणि कमी करायचंच असेल तर बाकीचे अडथळे उंच करायचे. जर्मनीच्या लोथार लाइस्टनर यांनी हीच कल्पना पद्धतशीर मांडली. मीठ, आम्लता, कोरडेपणा, थंडी, उष्णता यांतला प्रत्येक अडथळा सौम्य ठेवला तरी सगळे ओलांडणं जिवाणूला जमत नाही. सेलरी या भाजीच्या भुकटीतून आलेलं नायट्राइट मात्र नायट्राइटच असतं. ते घालून पाकिटावर ‘नायट्राइट नाही’ छापायला मी कधीच संमती देणार नाही, तूही देऊ नकोस. मिठाचंही तसंच आहे. सॉसेजमध्ये साधारण २ टक्के मीठ प्रथिनं सोडवून पाणी आणि चरबी धरून ठेवतं, शिवाय जिवाणूंना लागणारं मोकळं पाणी कमी करतं. मीठ कमी केलं की चव शेवटी बिघडते, आधी पोत जातो आणि टिकण्याचे दिवस घटतात.

तयार मालाच्या चाचण्यांवर किती विसंबावं, हा तुझा शेवटचा प्रश्न होता. गणित करून बघ. दर शंभर पाकिटांत एक दूषित आहे असं धर आणि ६० पाकिटं तपास. एक तरी दूषित पाकीट हाती लागण्याची शक्यता जेमतेम ४५ टक्के आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा अहवाल स्वच्छ येणार आणि माल बाहेर जाणार. ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३०० पाकिटं फोडावी लागतील. अंतराळवीरांच्या जेवणासाठी १९६० च्या दशकात हीच अडचण आली आणि तिच्यातून एचएसीसीपी (धोक्यांचं विश्लेषण आणि निर्णायक टप्प्यांवर नियंत्रण) पद्धत जन्मली: माल तपासत बसण्यापेक्षा धोका जिथे रोखता येतो ती पायरी पकडून ठेवायची.

म्हणून रुजू झाल्यावर आधी पीएच मीटर आणि तापमान नोंदवणारा लॉगर हाताखाली घाल. मग काप करण्याचं यंत्र रात्री उघडून धुतात तेव्हा तिथे थांब. पात्यामागची फट, पट्ट्याचे रोलर, जमिनीतली गटारं, गारव्याने छतावरून ठिबकणारं पाणी, लिस्टेरिया अशा ठिकाणी घर करतो. धुणाऱ्या माणसांना विचार, कुठे हात पोहोचत नाही. त्यांना ते नेमकं माहीत असतं आणि सहसा कुणी विचारत नाही. गटारातल्या नमुन्यात लिस्टेरिया सापडला तर शोधणाऱ्याचं उघडपणे कौतुक कर. जिथे सापडल्याबद्दल बोलणी बसतात तिथे नमुने स्वच्छ जागेवरून घेतले जाऊ लागतात, आणि अशा कारखान्याचे अहवाल मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटतात.

हॅम गार होतानाचे पहिल्या पंधरवड्याचे आलेख मला पाठव, मध्यातला लॉगर आणि खोलीतला लॉगर, दोन्ही. सोबत तुकड्यांची जाडीही लिही. मग बोलू.

तुझे,
सर