जळकं ऑइल द्यायचं कुणाला?

प्रश्न : फलटणजवळ माझं दुचाकी आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. जळक्या ऑइलचा ड्रम भरला की भंगारवाला नेतो. सेंटरिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे) प्लेटांना लावायला मागतात, शेतकरी बैलांच्या गोचिडांसाठी बाटली भरून नेतात. यात गैर आहे का? – एक गॅरेजमालक

उत्तर : गोचिडांचं आधी थांबवा. त्या ऑइलात इंजिनाच्या झिजेचे धातूकण असतात, काजळी असते आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनंही. बैल ते अंगावरून चाटतो. गोचिडांचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं, गॅरेजात नाही. (तुमची पोरं हात पेट्रोलने धूत असतील तर तेही बंद करा. हातमोजे महाग नाहीत.) सेंटरिंगला दिलेलं ऑइल पावसाबरोबर मातीत उतरतं, शिवाय तेलकट स्लॅबला प्लास्टर नीट धरत नाही.

ऑइल काळं झालं म्हणजे संपलं असं नाही. त्यातली पूरक रसायनं खर्ची पडतात आणि घाण साचते, मूळ तेल बरंचसं शाबूत असतं. पाणी आणि इंधन उडवून, निर्वात ऊर्ध्वपातन करून (म्हणजे हवा काढलेल्या भांड्यात उकळून, वाफ थंड करून) ते परत मिळवता येतं. पण कार्बोरेटर धुतलेलं पेट्रोल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं त्याच ड्रममध्ये ओतलं जातं, हे मी गॅरेजागणिक पाहतो. मग शुद्धीकरण अवघड होतं आणि घेणारा भाव पाडतो किंवा नाहीच म्हणतो. ड्रम वेगळे ठेवा, झाकण घट्ट लावा, पावसात उघड्यावर ठेवू नका. फिल्टरला भोक पाडून रात्रभर पालथा घाला, त्यातूनही बरंच ऑइल निथळतं.

आता भंगारवाला. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. 1 एप्रिल 2024 पासून तर ते गोळा करणाऱ्यालाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. तुमच्या माणसाकडे नोंदणीचा कागद मागा, दर वेळी पावती घ्या. एका ड्रमसाठी नोंदणीकृत गाडी फलटणला येईलच असं नाही, तेव्हा शेजारच्या दोन-चार गॅरेजवाल्यांना सोबत घ्या.

विनापावती चार पैसे जास्त देणाऱ्याचा माल बहुतेकदा भट्टीत जळतो. नाहीतर नुसता गाळून, नामांकित कंपनीच्या डब्यात भरून पुन्हा बाजारात येतो आणि तुमच्याच गिऱ्हाइकाच्या इंजिनात जातो. म्हणून ऑइलचे रिकामे डबे भंगारात घालण्याआधी त्यांनाही भोक पाडत चला.